न दुखणारी गाठ

परभणीच्या दवाखान्यात ती बाकावर माझ्या शेजारी बसली होती. ताडकळसकडची, पन्नाशीची. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. डॉक्टरीणबाईंचं दार उघडलं की दचकून माझ्याकडे सरकायची.

"तुमाला काय झालंय?" तिनं विचारलं.

"छातीत गाठ लागतेय," मी हळूच म्हणाले.

"मला बी. दिवाळीपासून हाय."

"मग घरी सांगितलं नाही?"

"दुखतच न्हाई की ओ ताई. दुखलं असतं तर वरडले असते. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी बाईनं काम कसं सोडावं?"

माझीही गाठ दुखत नव्हती.

तिला आत बोलावलं, तशी ती उठून बाहेरच्या दाराकडे निघाली. मी तिचा हात धरला. गार पडला होता. "चला, मी येते सोबत," मी म्हणाले.

पुढे माझी गाठ साधी निघाली. तिचं काय झालं, ते मला कळलं नाही. पण तिला तपासता तपासता डॉक्टरीणबाई बोलायच्या एकदम थांबल्या, तो क्षण अजून अंगावर येतो. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझा हात घट्ट धरून ती माझा चेहरा वाचत होती.