झाडपाल्याचा शास्त्रज्ञ

माझ्या मावसभावाला चष्म्याच्या दुकानात आम्ही शास्त्रज्ञ म्हणायचो. शिक्षण बारावी नापास. पण ज्यावर त्याचं मत नाही असा विषय सापडणं कठीण. मी मागच्या खोलीत काचा घासायचो, तो पुढे गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायचा. समोरच्याच्या नाकावर फ्रेम टेकवता टेकवता झोप, पोट, कर्करोग सगळं समजावून द्यायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मालकालाही ठाऊक होतं. पण माल खपत होता.

गांजा हा त्याचा खास विषय. "दारू हे विष. हा साधा झाडपाला! पालक खाऊन कोणी वेडं झालंय?"

एकटा ओढत होता तोवर मी गप्प होतो. बिघडायला होतंच काय त्या डोक्यात? पण त्याने सख्ख्या बहिणीला शिष्य केलं. ती सतराची. शिवणकामाच्या संस्थेत कापड बेतायला शिकत होती. तिने खडूने रेघ मारली की शिकवणाऱ्या बाई पुन्हा मोजून बघत नसत. परीक्षेची मात्र फार धास्ती घ्यायची, तर दादाने उपाय सांगितला. दुपारी दुकान दोन तास बंद, मावशी लाँड्रीत इस्त्रीला उभी, आणि ही दोघं गच्चीवर टाकीच्या आडोशाला. असं दोन वर्षं, रोज. मला पत्ता लागला तो फार उशिरा.

आधी तिने संस्थेत जाणं सोडलं. मग न्हाणीघरातल्या पाइपात चिंध्या कोंबल्या. मी विचारलं तेव्हा कुजबुजली, "खालचे लोक पाइपातून माझ्याबद्दल बोलतात. तुला ऐकू नाही येत?"

मी शास्त्रज्ञाला गाठलं. "अरे, हिला डॉक्टरकडे ने."

"मन हळवं आहे तिचं. उलट झाडपाल्यानेच शांत होते," असं म्हणून शहाण्याने मात्रा वाढवली.

एका सकाळी तिने मावशीने दिलेला चहा मोरीत ओतला आणि म्हणाली, "तूही त्यांना सामील आहेस." मावशीने मला बोलावून घेतलं. आम्ही सगळेच मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

"काही नशा वगैरे?" बाईंनी विचारलं.

"छे! आमचं घर तसलं नाही," शास्त्रज्ञ म्हणाला.

महिनाभर कुणावरही विश्वास न ठेवणारी ती पोरगी जमिनीकडे बघत म्हणाली, "रोज ओढते. हाच आणतो."

मावशीने लेकाकडे पाहिलं. लेकाने पंख्याकडे.

"सगळ्यांनाच असं होत नाही," बाई म्हणाल्या, "पण कोवळ्या वयात रोज ओढलं की धोका वाढतो, आणि कोणाला भोवेल ते आधी सांगता येत नाही. पहिल्यांदा हे बंद."

"पण मॅडम, तो तर झाडपालाच..."

"धोतराही झाडपालाच असतो."

तीन आठवडे ती दवाखान्यात राहिली. आवाज विरायला कित्येक महिने लागले. गोळ्यांनी अंग सुटलं, हात थरथरायला लागला. वर्षाने ती संस्थेत परतली, पण आता एकेक रेघ तीनदा मोजते. मावशी अजून लेकाशी कामापुरतं बोलते.

आणि शास्त्रज्ञ? त्याने गांजा सोडला आणि नवा विषय धरला. परवा कॉलेजातल्या मुलाला घेऊन आलेल्या एका बाईंना सांगत होता, "जपा हो मुलांना. माझी बहीण गेलीच होती हातची. मी वेळीच ओळखलं म्हणून वाचली."

बहीण नेमकी तेव्हाच चष्म्याचा नंबर तपासायला आली होती. बाकावरून शांतपणे म्हणाली, "पहिला ओढायला यानेच दिला होता."

शास्त्रज्ञ हसला. बाईंकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाला, "गोळ्या चालू आहेत ना. काहीतरी बोलते बिचारी."

मी मशीन बंद करून बाहेर आलो. "ती खरं बोलतेय," मी बाईंना सांगितलं. "डॉक्टरांसमोर खोटं बोलला तो हा."

बाईंनी फ्रेम काउंटरच्या काचेवर ठेवली आणि मुलाला घेऊन निघून गेल्या. मालकाने मला नंतर चांगलंच झापलं.  तिसऱ्याच दिवशी शास्त्रज्ञ गिऱ्हाइकाला रक्तदाबावर सांगायला लागला.

त्या बाई निघून गेल्या त्या दिवशी तिचा नंबर मात्र मीच तपासला. हात थरथरत असला, तरी तक्त्यावरची शेवटची ओळ तिने न अडखळता वाचली.