सेते मावशीची भाड्याची बाल्कनी

सेते मावशी बाल्कनीतून पर्यटकांच्या डोक्यावर पाणी ओतायची, ही गोष्ट खरी आहे. पोलीस आला की म्हणायची, "जिरेनियमला पाणी घालत होते. हे बरोबर खालीच येऊन उभे राहतात, त्याला मी काय करू?" हिवाळ्यात कुंड्या आत असायच्या. पाणी तेव्हाही पडायचं.

सेतेफिया हे तिचं पूर्ण नाव, माझ्या आईची थोरली बहीण. स्पेनमधल्या सेव्हिलच्या जुन्या भागातल्या त्या अरुंद गल्लीत ती जन्मली आणि पहिल्या मजल्यावरच्या त्याच दोन खोल्यांत म्हातारी झाली. आयुष्यभर तिने लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. आमच्या आळीच्या मंडळाचे मिरवणुकीचे झगे तिच्याच हातचे, आत माणूस नसला तरी उभे राहतील असे कडक. लग्न केलं नाही. "दिवसभर पुरुषांचे शर्ट हाताळते, तेवढा संसार पुरे झाला," म्हणायची.

पर्यटकांनी तिचं काय वाकडं केलं होतं, असं कुणी विचारेल. मी नाही विचारणार. उजाडत नाही तोच दगडी फरशीवरून सुटकेसच्या चाकांचा खडखडाट सुरू व्हायचा. तिच्या वाळत घातलेल्या परकरांचे फोटो निघायचे. एक गाइड रोज तिच्या बाल्कनीखाली थांबून वर बोट करायचा आणि सांगायचा, "ही बघा, इथली अस्सल रहिवासी." मावशी वरून ओरडायची, "आणि हा बघा, इथला अस्सल बैल!" कुणी कॅथेड्रलचा रस्ता विचारला की ती अगदी गोड आवाजात त्याला बस डेपोकडे धाडायची. मी हटकलं तर म्हणे, "चालू देत की. फिरायलाच आलेत ना?"

मग म्हातारा घरमालक वारला आणि त्याच्या मुलांनी घर एका कंपनीला विकलं. कंपनीला भाडेकरू नको होते, पाहुणे हवे होते. तळमजल्यावरचं बेकरचं कुटुंब गेलं, वरच्या मजल्यावरचे दोघे भाऊ गेले, आणि करार संपला तशी शेवटी मावशीही निघाली. कंपनीचा माणूस किल्ली घ्यायला आला तेव्हा तिने ती चण्यांच्या उकळत्या पातेल्यात टाकली आणि म्हणाली, "शिजली की घेऊन जा."

ती माझ्याकडे राहायला आली, शहराच्या पार टोकाला, लिफ्टच्या इमारतीत. इथे पर्यटक फिरकत नाहीत. भांडायला कुणी नाही म्हणून ती माझ्याशी भांडायला लागली.

पण तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, दुपार कलताना, आमच्या मंडळाची देवमातेची पालखी त्या गल्लीतून जाते. दर वर्षी मावशी बाल्कनीत उभी राहून तिच्यासाठी एक साएता म्हणायची. साएताला वाद्य नाही, साथ नाही, नुसता एकटा गळा. गाणं सुरू झालं की मुकादम पालखी थांबवतो, भोई ती जमिनीला टेकवतात आणि गाणं संपेपर्यंत गल्लीत कुणी हलत नाही. आधी मावशीची आई म्हणायची, तिच्यानंतर मावशी.

घर सुटल्यावरच्या पहिल्या पवित्र गुरुवारी आम्ही मिरवणूक टीव्हीवर पाहिली. तिच्या बाल्कनीत चौघं परके पाहुणे हातात ग्लास घेऊन उभे होते. मधोमध कंपनीने पैसे देऊन आणलेली गायिका. ती गायला लागली आणि मुकादम लिआंद्रोने पालखी टेकवली. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप वर गेला असणार. पाहुण्यांनी गाण्याच्या मध्येच टाळ्या वाजवल्या. मावशीने पायातली चप्पल काढून टीव्हीवर फेकली.

हा लिआंद्रो त्या बेकरचाच मुलगा. तळमजल्यावर वाढला, पण जेवला कायम मावशीच्या घरात. मंडळाच्या पुढच्या बैठकीत तिने त्याच्यासमोर टेबलावर मूठ आपटली.

"आता त्या घरासमोर पालखी टेकवायची नाही. श्वास घ्यायलासुद्धा थांबायचं नाही."

"अगं मावशी, गल्ली लांब आहे. भोयांच्या माना मोडतील."

"मोडू देत. देवमातेलाही भाड्याने द्यायची का आता?"

"आणि कुणी गायला लागलं तर?"

"तो भाड्याचा गळा. तू बहिरा हो."

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. त्या बाल्कन्यांवरचा राग काही तिच्या एकटीचा नव्हता. बैठकीतल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या गल्लीतून उठवलं गेलं होतं.

पुढच्या वर्षी, ईस्टरआधी मांस वर्ज्य असतं त्या उपासाच्या दिवसांत, एका सकाळी मावशी स्वयंपाकघरात कॉड मासा तळता तळता गुणगुणत होती. वरचा सूर लागला नाही. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिने गॅस बंद केला. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली.

"वाल्मे, तुझ्या त्या मोबाइलवर ते घर मिळतं का बघ."

"कुठलं घर?"

"माझं."

"डोकं ठिकाणावर आहे ना? त्या चोरांना पैसे देणार तू?"

"यंदा नाही गायले तर पुढच्या वर्षी गळाच नसेल."

"मग रस्त्यावरून गा ना. कितीतरी जण गातात."

"रस्त्यावरून दारुडे गातात. आणि खालून तिची हनुवटी दिसते गं. माझ्या बाल्कनीतून तिचे डोळे बरोबर समोर येतात."

आपल्या अंत्यविधीसाठी जपून ठेवलेले पैसे तिने त्या एका रात्रीवर घातले. "मेले की मला पोत्यात घाला," म्हणाली. मला चीड आली, तिची नाही, त्या कंपनीची. तरी माझ्याच नावाने मी ते घर घेतलं.

"निदान लिआंद्रोला तरी सांगते," मी म्हटलं.

"खबरदार! मीच त्याला थांबू नको म्हणाले आणि मीच तिथे भाडं भरून उभी राहते, हे काय त्याला सांगायचं? माझा आवाज ऐकला की थांबेल तो."

गुरुवारी दुपारी आम्ही गल्लीत शिरलो. मावशीने मुद्दाम चाकांची सुटकेस आणली होती आणि ती सगळ्या फरशीवरून खडखडत ओढत होती. ओळखणारं एकही माणूस उरलं नव्हतं. जिन्यात एक परदेशी जोडपं भेटलं. बाईने तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "पहिल्यांदाच आलात का सेव्हिलला?"

"हो," मावशी म्हणाली.

"छान आहे. पण इथली माणसं जरा तुसडी आहेत."

"अजून तुम्हाला भेटलीत कुठे ती?" मावशी म्हणाली आणि दाराच्या बटणांवर मी सांगितलेले आकडे दाबू लागली.

आतलं काय सांगू? स्वयंपाकघर पाडून तिथे न्हाणीघर केलं होतं. जिथे तिची आई गेली, त्या कोपऱ्यात पांढुरक्या रंगाचा सोफा. भिंतीवर शोभेचा हातपंखा, बैलाचं चित्र आणि कुणातरी म्हातारीचा फोटो, घर जुनं वाटावं म्हणून टांगलेला. "ही कोण गं?" मावशीने विचारलं. मला काय माहीत. तिने तो फोटो उलटा केला. बाल्कनीत प्लास्टिकची जिरेनियम होती. ती तिने मुळासकट उपटली, म्हणजे मूळ असतं तर.

गल्ली भरली. खाली आमचेच लोक होते, शहराच्या चारी टोकांकडून त्या एका दिवसापुरते परतलेले. एकेक मजल्यावर नजर टाकून ते तोंड वाकडं करत होते. त्या नजरा आमच्या बाल्कनीवरूनही फिरल्या. मावशीने डोक्यावर आईची काळी लेस घेतली होती. त्यामुळे तर ती पाहुण्यांसाठी सजवून उभ्या केलेल्या गायिकेसारखीच दिसत होती, आणि हे माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता.

पालखी वळली. बँड अजून कोपऱ्यापलीकडे होता, त्यामुळे फक्त भोयांच्या पावलांची घसघस ऐकू येत होती. लिआंद्रो पुढे उलटा चालत होता, नजर पालखीच्या पायांवर. मेणबत्त्या आमच्या पातळीला आल्या आणि मावशीने सूर धरला.

आवाज पहिल्याच ओळीत चिरला.

"गप्प बस!" खालून कुणीतरी ओरडलं. "भाड्याची!"

शिट्या सुरू झाल्या. आमच्याच लोकांच्या शिट्या. लिआंद्रोने मान वर केली नाही. "सरळ, पोरांनो," तो पालखीच्या पडद्याआडच्या भोयांना म्हणाला. "थांबायचं नाही. चला." तिनेच शिकवलं होतं त्याला. देवमातेचे डोळे मावशीच्या समोर आले आणि पुढे सरकायला लागले.

मावशी गायची थांबली. मला वाटलं, आता ही कोसळते. तिने बाल्कनीचा कठडा धरला, पुढे वाकली आणि गल्लीभर घुमेल अशा आवाजात गरजली, "लिआंद्रो! ए गाढवा! सात वर्षांचा होईपर्यंत माझ्या गादीवर मुतलास, माझे चणे खाऊन माजलास, आणि आता मला पाठ दाखवतोस? खाली ठेव तिला!"

शिट्या एकदम बंद पडल्या. तो सूर भाड्याने मिळत नाही, हे गल्लीत प्रत्येकाला ठाऊक होतं. लिआंद्रोचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने हात वर केला, पालखीवरच्या हातोडीचा ठोका दिला आणि पालखी खाली टेकली. शिटी वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

मावशी गायली. चांगलं गायली असं मी म्हणणार नाही. दोन ठिकाणी आवाज फाटला, एका ठिकाणी श्वास पुरला नाही. पण ती शेवटपर्यंत देवमातेच्या डोळ्यांत बघत गायली, आणि तिने तिथे बरीच भांडणं काढली असावीत. शेवटचा सूर सुटला तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. वरच्या मजल्यावरच्या जोडप्यानेसुद्धा नाही.

पालखी पुन्हा उचलायच्या आधी मुकादम ती उचल कुणाच्या तरी नावाने करतो, आजाऱ्याच्या, गेलेल्याच्या. लिआंद्रोने हातोडी धरली.

"पोरांनो," तो मोठ्याने म्हणाला, "ही उचल सेतेफियासाठी. ती इथे राहते."

"उद्या सकाळपर्यंत," मावशी वरून म्हणाली.

लिआंद्रोचा हात हातोडीवर तसाच राहिला.