शालूताई दारात थांबते तेव्हा

आमच्या मानपाड्यात नाक्यावरून आत वळलं की डाव्या हाताला शालू गायकरचं कपड्यांचं दुकान लागतं. दुकानाला पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. ‘शालूकडे गेलेले’ एवढं म्हटलं की पुरतं. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायका तिच्याकडून गाऊन, कुर्त्या आणि लेगिंग्ज नेतात. कपड्याचा रंग गेला तर शालू कटकट न करता बदलून देते. अशी वेळ तशी कमीच येते, कारण माल ती स्वतः जाऊन, हात लावून आणते.

तिच्या सासऱ्यांच्या भाताच्या खाचरांवर आता बिल्डिंगा उभ्या आहेत. नवऱ्याच्या, म्हणजे पंढरीच्या वाट्याला रस्त्यालगतचा हा गाळा आला. पंढरीच्या मनात हार्डवेअर टाकायचं होतं. शालू म्हणाली, हार्डवेअर एकदा घेतलं की माणूस दहा वर्षं परत येत नाही, गाऊन मात्र वर्षात दोनदा फाटतो. तिचंच चाललं.

दर मंगळवारी सकाळी ती शेअर रिक्षाने कल्याण गाठायची आणि तिथून उल्हासनगरच्या कपडा मार्केटात. सून करिश्मा तिला फोनवर फोटो दाखवून म्हणायची, घरबसल्या माल येतो, कशाला धावपळ करता? शालूला ते पटलं नाही. शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायची, ओल्या बोटाने रंग घासायचा आणि कापड नाकाशी धरायचं, ही तिची पद्धत. तिला बघून दुकानदार गमतीने म्हणायचे, ताई भाजी घ्यायला आल्यात.

माल ती बहुतेक कमलेशकडूनच घ्यायची. एका जुन्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याचं दुकान होतं. दाराजवळच्या गादीवर त्याचे वडील बसायचे. सगळं मार्केट त्यांना दादा म्हणायचं. कान गेलेले, पण नजर शाबूत. माल काढून दाखवायला साईनाथ होता. तो मोहन्याचा, त्याचे वडील तिथल्या रेयॉन कंपनीत होते. कंपनी बंद पडली, तसा साईनाथ शाळा सोडून मार्केटात आला आणि तिथेच राहिला. शालूला काय आवडेल, हे तिच्याआधी त्याला कळायचं.

पंढरीचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा शालूला कितीतरी आठवडे मार्केटात जायला जमलं नव्हतं. तेव्हा कमलेशने दर आठवड्याला साईनाथला टेम्पोत माल घालून मानपाड्याला पाठवलं. साईनाथने शिवणी ताणून, रंग घासून निवडलेला माल. त्यातला एकही पीस परत आला नाही. हे शालू विसरली नव्हती, आणि म्हणूनच पुढे जे दिसू लागलं त्याकडे पाठ फिरवून दुसरं दुकान धरणं तिला जमलं नाही.

पहिल्यांदा दिसली ती धूळ. पावसाळा सरता सरता, काळ्या लेगिंग्जच्या थप्पीवर पांढरी भुकटी पडलेली. साईनाथने फडक्याने झटकली. पुढच्या मंगळवारी पुन्हा तीच. शालूने बोटावर घेऊन चोळून बघितली. ती रस्त्याची धूळ नव्हती, खरखरीत होती. स्वतःच्या शेतात बिल्डिंगा उठताना तिने असली धूळ वर्षानुवर्षं घरातल्या भांड्यांवरून पुसलेली.

“वर काय चाललंय रे?” तिने विचारलं.

साईनाथने सांगितलं की वरच्या व्यापाऱ्याने मधली भिंत काढून एकच मोठा हॉल केलाय. थंडीचा माल भरतोय, ब्लँकेटच्या गाठी. दिवसभर दोराने वर चढतात.

त्यानंतर ती बघतच राहिली. ट्रायल रूमचं दार खालून अडकायचं म्हणून कमलेशने सुताराकडून रंधून घेतलं, आणि पंधरवड्यात ते पुन्हा अडकायला लागलं. दादांच्या गादीमागच्या खांबावर कमलेशने कॅलेंडर लावलं होतं. शालूने ते उचलून बघितलं, तर मागे बोट जाईल एवढी भेग. आतली सळई गंजून फुगलेली.

तिने कमलेशला बाजूला घेऊन सांगितलं. तो हसला नाही, हे तिला जास्त लागलं. म्हणाला, त्याला माहीत आहे. वरच्याला तीनदा सांगितलं, तो म्हणतो दिवाळी झाली की माल उतरेल. जागामालक फोन उचलत नाही. आणि सीझनच्या तोंडावर दुकान बंद करून तो जाणार कुठे? या गल्लीतली कुठली बिल्डिंग नवी आहे?

“दादांना तरी घरी ठेव,” शालू म्हणाली.

“दादा घरी बसले तर आठवड्यात जातील, ताई. मग काय फायदा?”

शालू घरी आली. रात्री जेवताना पंढरीला म्हणाली, मना तिथं जावासाच वाटत नाय. पंढरी म्हणाला, मग नको जाऊ. पण पुढच्या मंगळवारी ती गेली, फक्त आत न बसता जिन्याजवळ उभं राहून माल बघितला. साईनाथ थप्प्या उचलून बाहेर आणून दाखवत होता. त्याने एकदाही चेष्टा केली नाही. म्हणाला, रात्री झोपताना कानात वरच्या गाठी ओढल्याचा आवाज येतो, घरी मोहन्यात सुद्धा.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी नवा लॉट आला होता, दुकान मालाने गच्च होतं आणि गठ्ठे जिन्यापर्यंत आले होते. शालूला जिन्यात उभं राहायला जागा नव्हती म्हणून ती आत शिरली. मुरबाडचा एक दुकानदार सेट उघडून घेत होता, बदलापूरच्या दोन बायका कुर्त्या बघत होत्या. शालूने एक पीस हातात घेतला, तेवढ्यात समोरच्या काउंटरची काच तडकली. कोणी टेकलं नव्हतं, कोणी काही ठेवलं नव्हतं. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ गेली. मग प्लास्टिकच्या पिशव्यांवर कोणी तांदूळ सांडावेत तसा बारीक आवाज सुरू झाला आणि थांबेना.

शालूने पीस खाली ठेवला. दादांचा हात धरला आणि त्यांना उठवलं.

“सगळ्यांनी खाली चला,” ती मोठ्याने म्हणाली. “आत्ता. माल राहू दे.”

मुरबाडचा माणूस तिच्या तोंडाकडे बघत राहिला. बदलापूरच्या बायका तिच्यामागे निघाल्या, मग तोही निघाला. दादांना काही ऐकू आलं नव्हतं, पण तिचा चेहरा बघून ते अनवाणीच जिना उतरू लागले. कमलेश चिडून मागे आला. सीझनच्या दिवशी गिऱ्हाईक पळवता का, असं काहीतरी तो बोलत होता. अर्ध्या जिन्यात शालूने वळून हाक मारली.

“साईनाथ, तू पण ये.”

“आलोच, ताई.”

तो दारापर्यंत आला होता. तेव्हा कमलेश म्हणाला, “शटर ओढून घे रे, सगळा माल उघडा आहे.”

साईनाथ लाईट बंद करायला आत वळला.

आवाज फार मोठा नव्हता, असं शालू सांगते. लोकांना वाटतं स्फोटासारखा असेल. तसा नव्हता. एखाद्याने भरलेलं पोतं खांद्यावरून खाली टाकावं तसा, फक्त संपत नव्हता. मग जिन्यातून पांढरा लोट आला आणि ती दादांना धरून रस्त्यावर बाहेर पडली. सगळी गल्ली गप्प झाली होती. समोरच्या दुकानातला पुतळा तेवढा हात पुढे करून उभा होता.

वरच्या मजल्याचा सगळा स्लॅब ब्लँकेटच्या गाठींसकट कमलेशच्या दुकानात उतरला होता. वरचे हमाल चहाला गेलेले म्हणून वाचले. साईनाथला संध्याकाळी काढलं. तोवर शालू रस्त्याच्या कडेला एका गाठीवर दादांना घेऊन बसून होती. दादा पुन्हा पुन्हा आपल्या चपला कुठे गेल्या ते विचारत होते. कमलेश जिन्याच्या तोंडाशी उभा होता. त्याला कोणी हलवू शकलं नाही.

दहाव्याच्या आधी शालू मोहन्याला गेली. साईनाथच्या बायकोने पाणी दिलं, बसायला दिलं. रडून झालं होतं. तिने एकच विचारलं.

“त्यांना हाक मारलेली ना तुम्ही?”

“मारलेली.”

“मग काय म्हणाले?”

“आलोच म्हणाला.”

बायकोने मान हलवली. कमलेश काय म्हणाला होता, ते शालूने सांगितलं नाही. ते त्याने स्वतःच दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, असं नंतर कानावर आलं.

शालूने मार्केट सोडलं नाही. करिश्माने पुष्कळ समजावलं, पंढरीने एकदा आवाजही चढवला. पण दुकान चालवायचं तर कापडाला हात लागायला हवा, आणि कापड तिथेच मिळतं. फक्त आता ती कुठल्याही दुकानात पाय टाकण्याआधी वर बघते. भिंतीकडे, खांबाकडे, पायरीकडे बघते. तेवढा वेळ दारात थांबते.

ही गोष्ट गल्लीत पसरली. शालूताईने दुसऱ्या मजल्यावरून पाच माणसं खाली आणली, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. आधी तिला नमस्कार करायचे. मग हळूहळू तिला बघून दुकानदार अस्वस्थ व्हायला लागले. ती एखाद्या दारात जरा जास्त वेळ थांबली की आतली गिऱ्हाइकं काखेतला माल ठेवून बाहेर पडायची. एका दुकानदाराने तिला हात जोडून सांगितलं, ताई, घ्यायचं नसेल तर आमच्या दारात उभ्या राहू नका, रस्त्याच्या त्या बाजूने जा.

कमलेशने पुढच्या गल्लीत तळमजल्यावर दुकान घेतलं. वर तीन मजले आहेत. दादा पुन्हा गादीवर बसतात. साईनाथच्या जागी कोणाला ठेवलेलं नाही, माल कमलेश स्वतःच काढतो.

परवाच्या मंगळवारी शालू तिथे गेली तेव्हा पायरीवरच करिश्माचा फोन आला. कुठल्या साइजच्या कुर्त्या संपल्यात, ते ती सांगत होती. शालू उभ्याउभ्या ऐकत होती, नजर सवयीने वर गेलेली. फोन ठेवून तिने समोर बघितलं, तर कमलेश हातातला कुर्तीचा पीस तसाच धरून तिच्याकडे बघत होता.

“काय दिसलं, ताई?”

“काही नाही रे. सुनेचा फोन होता.”

तो हो म्हणाला. मग त्याने रिक्षा बोलावली, दादांच्या पायात चपला घातल्या आणि भर दुपारी त्यांना घरी पाठवून दिलं. दादा हात हलवत कुरकुरत गेले. शालू आत जाऊन स्टुलावर बसली. कमलेशने पहिली थप्पी तिच्यापुढे ठेवली आणि तिने शिवण ताणून बघायला घेतली. माल घेऊन होईपर्यंत दोघांपैकी कोणीही वर बघितलं नाही.