गॅस बारीक कर गं!

एक्क्याण्णवची दिवाळी तोंडावर आलेली, आणि आम्ही तिघं डोंबिवलीहून ठाण्याला नौपाड्यात स्पीकर घ्यायला गेलेलो. मी, माझे सासरे म्हणजे अण्णा, आणि सासूबाई. नवऱ्याला फर्स्ट शिफ्ट, त्यामुळे तो सुटला!

खरं सांगू? मी फुगलेली होते. कारण ते स्पीकर ज्या खोलीत जाणार होते, त्या खोलीवर माझा डोळा होता...

झालेलं असं की, नणंदेचं लग्न झालं आणि आमची मागची छोटी खोली रिकामी झाली. छोटी म्हणजे किती? एक पलंग टाकला की माणसाने आडवंच चालायचं. पण तिला दार होतं, आणि मला तेवढंच हवं होतं. माहेरी, कल्याणला, मी लहानपणापासून गाणं शिकलेले. लग्नानंतर रियाज बंद पडला. नको असं कोणी म्हणालं नाही हो... पण सगळ्यांच्या देखत हॉलमध्ये बसून ‘सा’ लावायची नव्या सुनेची हिंमत होत नाही. आणि मी कोणाला काही बोललेही नाही. मनातल्या मनात मात्र त्या खोलीत रोज पहाटे जाऊन बसत होते.

आणि एक दिवस अण्णांनी जाहीर केलं, “ही आता गाणं ऐकायची खोली!” डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी रिटायर झाल्या झाल्या घेतलेला, फक्त स्पीकर राहिलेले. मी “वा, छान!” म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन जरा जास्तच जोरात भांडी घासली.

तर दुकान. मालक उत्साही माणूस. आमच्यापुढे थेट माझ्या छातीपर्यंत येणारे दोन स्पीकर उभे केले आणि वर धडामधूम गाणं लावलं. सासूबाईंनी कानावर पदर घेतला. मालक खूश, “बेस बघा काका, बेस!”

अण्णांनी शांतपणे शबनम पिशवीतून स्वतःची कॅसेट काढली. “ही लावा.”

मला वाटलं, कुठली तरी मैफल असेल. तर स्पीकरमधून काय यावं... आमच्या कुकरची शिट्टी! मग पोळपाटाची खडखड. आणि मग सासूबाईंचा आवाज, असा घुमतोय, जणू ठाणे स्टेशनवर अनाउन्समेंटच चाललीय... “तेल तापलंय गं!”

“अगंबाई, ही मी?” सासूबाई उडाल्याच.

अण्णांनी म्हणे गेल्या आठवड्यात डेकचं रेकॉर्डिंग तपासायला माइक स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेला. आम्ही आत चकल्या करतोय, आम्हाला पत्ताच नाही! मालकाला ते समजावून सांगत होते, “गाणं काय, कशावरही गोडच वाटतं. हा आवाज मी जन्मभर ऐकतोय. ज्या स्पीकरमधून आमची ही जशीच्या तशी येईल, तो खरा स्पीकर.” सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे मी ओरडते ते तपासायला आलात होय!” काउंटरवरची गिऱ्हाइकं हसायला लागली.

दुसरी जोडी लावली... सासूबाईंना सर्दी झालेली. तिसरीत त्या विहिरीत पडलेल्या. मालक वैतागला, पण कुतूहल त्यालाही वाटायला लागलेलं. शेवटी त्याने खालच्या फळीवरून खारीच्या डब्याएवढे दोन छोटे स्पीकर काढले, फडक्याने पुसले आणि लावले.

मी तोवर कंटाळून स्टुलावर बसून बाहेर रस्त्याकडे बघत होते. आणि मागून हाक आली, “वृंदा, गॅस बारीक कर गं!”

“केला, आई!” म्हणून मी ताडकन उभी राहिले...

अख्खं दुकान हसतंय. सासूबाई हसता हसता डोळे पुसतायत. अण्णांनी टेबलावर हात आपटला, “हेच द्या!”

मी लाजेने लाल. पण कॅसेट चालूच होती, आणि पुढे आला माझा आवाज. चकली पाडता पाडता मी यमन गुणगुणत होते. आपला आवाज असा समोर बसून मी कधी ऐकलाच नव्हता. हसणं हळूहळू थांबलं.

आणि ऐन आलापात पुन्हा सासूबाई... “अगं, तो झारा दे!” आलाप गेला तुटून.

सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला. “एवढं छान गात होतीस आणि मी झारा मागत बसले...” मग कोणाकडेच न बघता म्हणाल्या, “उद्यापासून सकाळचा चहा आणि डबा माझ्याकडे. तू मागच्या खोलीत बसायचं.”

मी अण्णांकडे बघितलं. खोली तर त्यांची होती ना... ते पिशवीचे बंद नीट करत पुटपुटले, “मोठे स्पीकर घेतले असते तर हिला बसायला जागा कुठे उरली असती?”

म्हणजे त्यांनी आधीच ठरवलेलं! आणि मी वेडी मेली भांड्यांवर राग काढत होते. नौपाड्याच्या त्या दुकानात, चार परक्या माणसांसमोर, मी रडले हो. अगदी हुंदके देऊन.

पाडव्याच्या सकाळी खोली तयार झाली. दोन्ही स्पीकर भिंतीवरच्या फळीवर, खाली सतरंजी, आणि अण्णा नवा सदरा घालून मांडी ठोकून बसलेले. सासूबाई चहा घेऊन दारात. मुहूर्ताची कॅसेट लावायचा मान मला दिलेला.

मी कॅसेटचा खोका उघडला. “अण्णा, कुठली लावू?”

“कुठलीच नको,” ते म्हणाले. “तू गा.”

आज माझ्याकडे मुली गाणं शिकायला येतात. त्या पहिल्या दिवशी आवाज काढायला लाजतात तेव्हा मला हे दोघं हटकून आठवतात... तोंडाने न मागितलेलं ज्यांना ऐकू आलं, अशा घरात मी पडले. माझं नशीब, दुसरं काय!