पुराव्याचा रकाना

आमच्या चेन्नईच्या कॉलेजात एक कारकून आहेत. त्यांची मराठी तंजावरची, जुन्या वळणाची, हेल मात्र तमिळ. कानावर लाल पेन्सिल. मी फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवते आणि दर सत्राला विद्यार्थी काय शिकतील ते लिहायचा माझा फॉर्म त्यांच्याकडून नापास होऊन परत येतो.

"विद्यार्थ्यांना रिकर्शन समजेल, असं लिहिलंत. समजलेलं दिसतं कसं, मॅडम? पुराव्याचा रकाना रिकामाच!"

यंदा मी भडकले. "मग वर्गात येऊन तुम्हीच बघा!"

ते खरंच आले. लॅबच्या दाराशी चपला काढून, फॉर्म मांडीवर घेऊन मागे बसले. पुढ्यातली मुलगी तीन आठवडे या भाषेत नसलेला लूप शोधून रडकुंडीला आली होती. आज तिने फंक्शनलाच पुन्हा स्वतःला हाक मारायला लावली, रिकर्शन म्हणतात ते हेच, आणि आकड्यांची यादी झटक्यात उलटी झाली. ती बघतच राहिली. मग "अय्यो!" म्हणून खदखदून हसली आणि शेजारणीला तमिळमध्ये समजावू लागली.

संध्याकाळी फॉर्म आला. पुराव्याच्या रकान्यात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं : 'मुलगी हसली. मी स्वतः पाहिलं.'

खाली सही आणि ऑफिसचा गोल शिक्का.