सात शिंकांचं लाकूड

मूठवाल्यांना शिंक आली की कुंपणावरची मांजरं पलीकडे उडी टाकायची. नवख्या माणसाला वाटायचं, कुणीतरी पत्र्यावर काठी हाणली. जुने लोक मात्र मोजायला लागायचे. एक... दोन... तीन.

"शिसवी लागलं वाटतं आज हाताला," समोरचा सलूनवाला वस्तरा हवेत धरून म्हणायचा. पहिल्या शिंकेला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापासून लांब न्यायचा, हे त्याला अनुभवाने शिकवलं होतं.

मूठवाले घडीच्या चाकूंच्या मुठी करायचे. म्हणजे पातं पोटात मिटून ठेवणारे जे चाकू शौकीन लोक मखमलीत जपतात, त्यांच्या मुठीत लाकडाचा नक्षीदार तुकडा जडवायचा. केसभर फट राहिली तर सगळं उखडून पुन्हा. आणि एवढं करून त्या चाकूने जन्मात कुणी साधं पाकीट फोडणार नाही.

"कापायचंच नाही तर धार कशाला लावता?" बायको विचारायची.

"अगं, घड्याळ काय फक्त वेळ बघायला घालतात?"

"मी तर त्याचसाठी घालते बाई."

खरी गंमत होती लाकूड निवडण्यात. मूठवाले तुकडा खिडकीशी धरायचे, बोट ओलं करून त्यावर फिरवायचे, म्हणजे पॉलिशनंतर रंग कसा खुलेल ते कळायचं. मग कानाशी नेऊन नखाने टिचकी. आणि सगळ्यात शेवटी सँडपेपरवर चार वेळा घासून ती चिमूटभर भुकटी नाकाखाली. उंची लाकडांची भुकटी त्यांच्या नाकाला झोंबायची, पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. आबनूस एकच शिंक द्यायचा, पण अशी की चष्मा उडावा. शिसवी ओळीने तीन. ऑलिव्हच्या लाकडाला शिंक नाही, नुसता डावा डोळा गळायचा. तीस वर्षांत हे नाक एकदाही चुकलं नव्हतं. शौकिनांच्या मंडळात तर पद्धतच पडली होती: प्रदर्शनात चाकूपुढे जे कार्ड ठेवायचं, त्यावर लाकडाच्या नावाखाली शिंकांचा आकडा. तो असला की पुढे कुणी वाद घालत नसे.

या मंडळातले सगळ्यात चिकित्सक गृहस्थ म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे एकशे चाळीस चाकू होते, आणि ते त्यांनी दवाखान्यातच, दात काढायच्या अवजारांच्या खालच्या खणात ठेवले होते. एकदा एका पेशंटने तो खण उघडा पाहिला आणि तोंडातल्या कापसासकट जिना उतरला.

एकशे एक्केचाळिसाव्या चाकूसाठी डॉक्टरांनी तीन महिने लाकूड निवडलं. दर मंगळवारी यायचे, रबरी हातमोजे घालूनच.

"हे जरा तपकिरी नाही का वाटत?"

"डॉक्टर, लाकूड आहे ते."

"पण फारच तपकिरी."

"मग हे घ्या, जांभळट."

"याच्याकडे बघून मला हिरड्या आठवतात."

शेवटी, प्रदर्शन रविवारवर आलेलं असताना, डॉक्टर स्वतःच एक तुकडा घेऊन आले. कापसात गुंडाळलेला, अक्कलदाढेसारखा जपून आणलेला. तांबड्यावर काळ्या रेषा, जणू कुणी शाईने केस विंचरले होते.

"समुद्रापलीकडचं आहे. शिसवीच्या जातीतलं, पण झाडं आता औषधालाही उरली नाहीत. विकणारा शपथेवर सांगत होता."

मूठवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. हे लाकूड त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, वीस वर्षांपूर्वी, एका मोडक्या पेटीच्या झाकणात. सात शिंका आल्या होत्या तेव्हा. पुरत्या सात.

"कार्ड मी छापून घेतलंय," डॉक्टर म्हणाले. "आकड्याची जागा तेवढी रिकामी ठेवलीय. करा सुरू."

मूठवाल्यांनी तुकडा घासला. भुकटी नाकाखाली धरली. डोळे मिटले.

काही नाही.

समोर सलूनवाला वस्तरा उचलून उभा. डॉक्टरांनी हातातलं पेन उघडून ठेवलेलं. मूठवाल्यांनी एक नाकपुडी दाबली, दुसरीने ओढून पाहिलं. मग अदलाबदल.

"येतेय का?" डॉक्टरांनी कुजबुजत विचारलं.

"थांबा हो. तिला घाई केलेली चालत नाही."

पाच मिनिटं गेली. सलूनवाल्याचा हात दुखायला लागला. शेवटी मूठवाल्यांनी भुकटी झटकली, तुकडा पुन्हा कापसात गुंडाळला आणि आवाज शक्य तितका मऊ करून म्हणाले, "डॉक्टर, लाकूड खोटं आहे. रंगवलेलं असणार."

डॉक्टरांचा चेहरा भूल न देता दात उपटल्यासारखा झाला. त्यांनी तिथेच उभं राहून विकणाऱ्याला फोन लावला आणि त्याला लबाड, ठग, भामटा असं चढत्या क्रमाने ऐकवलं. "संध्याकाळच्या कुरियरने परत पाठवतो तुमचा हा रंगवलेला ढलपा!" म्हणाले आणि तरातरा गेले.

मूठवाले कामाला बसले. आबनुसाचा एक तुकडा घासायचा होता. घासला. भुकटी उडाली. चष्मा जागेवर.

त्यांनी पुन्हा घासला. मग शिसवीचा घेतला. मग कपाटातले सगळे तुकडे काढले आणि एकेक करत ढीग लावला. नाक थंडगार. ऑलिव्हला डावा डोळासुद्धा कोरडा राहिला, तेव्हा मात्र ते तसेच भुकटीने माखलेले आत स्वयंपाकघरात गेले.

"अगं... माझं नाक गेलं."

बायको भांडी पुसत होती. तिने वर पाहिलं नाही, आणि हेच चुकलं तिचं. इतकी वर्षं तिने प्रत्येक बातमीला आधी वर पाहिलं होतं.

"अगं, मी काय म्हणतोय?"

"ऐकलं. जातं वयाबरोबर."

"आठ दिवसांत? मागच्या रविवारी तर..." मूठवाले थांबले. "मागच्या सोमवारपासून तू मला कसली गोळी देतेस?"

"गुडघ्याची."

"दाखव पाकीट."

"फेकलं."

"बघ माझ्याकडे."

तिने ताटली खाली ठेवली. "शिंकांची आहे. शिंका थांबवायची गोळी दिली नवऱ्याला! चोरी केली का मी? मागच्या महिन्यात हातात उघडं पातं असताना शिंकलात. अंगठ्याला तीन टाके पडले. टॉवेलात गुंडाळून तुम्हाला कुणी नेलं होतं, सलूनवाल्याने?"

"पण गुडघ्याची म्हणून?"

"शिंकांची म्हटलं असतं तर घेतली असती? तोंडाला फडकं बांधा म्हणून किती वर्षं सांगतेय? 'मग नाक काम कसं करेल' म्हणे! आणि गुडघेही बरे झाले म्हणालात की परवा."

"झालेत खरे," मूठवाले रागातच म्हणाले. मग एकदम मटकन स्टुलावर बसले. "अगं, मी त्यांचं लाकूड खोटं ठरवलं."

"मग जाऊ दे ना परत. कुणाला कळणार आहे?"

"तो विकणारा. त्याला कळणार. माझ्या शब्दावर भामटा झाला तो बिचारा." घड्याळात चार वाजले होते. "कुरियर पाचला येतो ना गं?"

मूठवाले गल्लीतून पळाले. निदान त्या गुडघ्यांना आठ दिवसांपासून आराम होता.

दवाखान्यात बाकावर सहा माणसं गाल धरून बसली होती. आत खुर्चीत एक बाई तोंड वासून. डॉक्टरांच्या टेबलावर छोटं खोकं, चिकटपट्टी लावून तयार.

"डॉक्टर, पाठवू नका. चूक माझी आहे."

मूठवाल्यांनी सगळं सांगितलं. गोळी, गुडघे, बायको. आवाज बाकापर्यंत जात होता, तरी दार लोटलं नाही. डॉक्टर ऐकत राहिले, हातातलं यंत्र घुरघुरत राहिलं.

"म्हणजे लाकूड खरं आहे?"

"तेही ठाऊक नाही. तीन दिवस द्या. गोळी उतरली की पुन्हा घासतो. तुमच्यासमोर. खोटं निघालं तर खोटं, पण आजचा माझा शब्द मी मागे घेतो."

तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. खुर्चीतल्या बाई वासल्या तोंडाने "आँ, आँ" करत मान हलवायला लागल्या. "द्या" म्हणत असाव्यात.

शुक्रवारी दवाखान्यात जागा नव्हती. मंगळवारचे सहाही पेशंट आले होते, दात दुखो न दुखो. सलूनवाला दुकान बंद करून आलेला. बायको दारात उभी, हातात घडी घातलेलं फडकं.

डॉक्टरांनी दात घासायच्या यंत्रालाच बारीक चकती लावली आणि तुकड्याची कड घासली. तांबूस धूर उठला. मूठवाल्यांनी नाक पुढे केलं.

पहिली शिंक अशी आली की कुल्ला करायचा पेला लवंडला. "एक!" सगळे ओरडले. दोन. तीन. "शिसवीच निघालं," सलूनवाला हळहळला. चार! पाच! डॉक्टर टाचा उंचावून उभे. सहा!

आणि थांबली.

मूठवाले तोंड उघडं टाकून, डोळे छताला लावून उभे. सगळा दवाखाना त्यांच्याबरोबर छताकडे बघत होता. छताने काही मदत केली नाही.

"सहा," ते शेवटी म्हणाले. "सात असायला हव्या. सहाचं लाकूड मला ठाऊक नाही. आकडा देता येणार नाही, डॉक्टर."

"अहो, एका शिंकेने काय होतंय? मी लिहितो सात!"

"मी नाही लिहू देणार."

बायकोने त्यांचा दंड धरला. दोघं जिना उतरू लागली. एक पायरी, दोन पायऱ्या. गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले होते. वळणावर मूठवाले थबकले. नाक आक्रसलं. बायकोने कठडा घट्ट धरला.

ती सातवी शिंक तीन मजले ऐकू गेली.

"सात!" वरून डॉक्टर किंचाळले. पाठोपाठ सहा पेशंटांच्या टाळ्या आणि काहीतरी सांडल्याचा आवाज.

विकणाऱ्याला डॉक्टरांनी फोन केला. भामटा, ठग, लबाड हे शब्द उतरत्या क्रमाने परत घेतले. शनिवारी दिवसभर मूठवाले जडावकाम करत बसले, तोंडाला बायकोने स्वतः बांधलेलं फडकं. तह असा झाला होता की पहिली भुकटी नाकाला, बाकीची फडक्याला, आणि पातं हातात असताना शिंक आली तर पातं आधी खाली. खाचेत तुकडा असा बसला की नखही अडकेना.

दुपारी ते उठायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले.

"अगं," फडक्याआडून आवाज आला, "ती गुडघ्याची गोळी आहे का गं उरलेली?"

"ती शिंकांची आहे."

"असू दे. आज निवडायचं काही नाहीये."