तांदळात लिहिलेलं नाव

वर्धा स्टेशनवर आई एकटीच आली होती. बाबा घरी बसले. सकाळीच म्हणाले होते, "गेली त मले मेली." आईने फडक्यात बांधलेल्या भाकरी खिडकीतून दिल्या. म्हणाली, "लोकायचं मी पाहून घेतो. तू मांगं पाहू नोको, गिरजे." मी पाहिलं नाही. डब्यात जागा धरायची होती.

नवऱ्याने दुसरी केली, म्हणून मी सेलूला माहेरी आले होते. आमच्या गल्लीत हेल्गाबाई खोली घेऊन राहायची. जर्मन. कादंबऱ्या लिहायची, पण तिच्याच देशात त्या कोणी वाचत नव्हतं. पोटासाठी दुसऱ्यांची पुस्तकं आपल्या भाषेत करायची. आमच्या बायकांच्या गोष्टी गोळा करायला ती आली. मी तिचा स्वयंपाक करायचे आणि गोष्टी सांगायचे. सगळ्यात आधी ती 'काऊन' शिकली, म्हणजे 'का'. बाया हसायच्या, "हे गोरी त लेकरावानी काऊन काऊन करते!" परत जाताना तिने विचारलं, येतेस का? मी चौथी शिकलेली, नवऱ्याने टाकलेली. इथे कोण माझी आरती करणार होतं?

तिकडे जर्मनीत तिच्या घरी एकच शेगडी, ती स्वयंपाकघरात. हेल्गाबाई कोट घालून टाइपरायटरवर बसायची, मी बटाटे सोलत सांगायचे. भाकरीला तिने 'ब्रोट' लिहिलं, म्हणजे पाव. मी भाकरी थापून तिच्यापुढे ठेवली. तिने 'ब्रोट' खोडून 'भाकरी'च लिहिलं.

मग पुस्तकाचं पहिलं पान नमुना म्हणून छापून आलं. वर हेल्गाबाईचं नाव मोठ्या अक्षरात. खाली, गोष्टी सांगणारी: सुशीला, मग नवऱ्याचं नाव, मग त्याचं आडनाव.

आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझं 'सुशीला' लिहिलं, मला कोणी विचारलं नव्हतं.

"हे खोडा," मी म्हटलं.

"पासपोर्टावर हेच हाय, गिरजे." तिचं मराठी आमच्या गल्लीतलंच.

"तांदूळ त त्याच दिवशी शिजवून खाल्ले. आता कायचं नाव?"

प्रकाशक म्हणाला, पासपोर्टावरचं नाव नको तर कोणतंच छापणार नाही. हेल्गाबाई म्हणाली, जाऊ दे, गोष्टी महत्त्वाच्या. तिला म्हणणं सोपं होतं.

शेवटची गोष्ट अर्धीच सांगून झाली होती. मी तिथेच थांबले.

"राणी विहिरीत उतरली. मंग?" ती रोज विचारायची.

"मंग बसली."

तीन आठवडे राणी विहिरीत बसली. शेवटी हेल्गाबाई स्वतः प्रकाशकाकडे जाऊन भांडून आली. टोपीसुद्धा न काढता म्हणाली, "गिरजा, सेलू. तसंच छापते तो. आता काढ मंग तिले भाईर!"

मी काढलं.

ते पुस्तक चाललं. त्यानंतर लोक तिच्या कादंबऱ्याही वाचायला लागले. बाबांनी पुस्तकाला हात लावला नाही. आईने ते धान्याच्या कोठीवर ठेवलं आणि येईल त्याला दाखवलं.

हेल्गाबाई आता नाही. तुम्ही सेलूची माणसं पत्रातून विचारता, घर कोणतं समजतेस? माझ्या दारावर पाटी आहे: गिरजा, सेलू. ते घर. सासरचे आता गावभर सांगतात म्हणे, आमची सुशीला जर्मनीत असते. त्यांना कळवा, सुशीला इथे राहत नाही. त्या नावाचं पत्र आलं तर परत पाठवायला मी पोस्टमनला सांगून ठेवलं आहे.